तिरप्या रेघा

माझ्या हातून आयुष्यात एकच धीट कृत्य घडले, असे मी बारा वर्षे समजत होतो. एरवी मी भित्रा मनुष्य आहे. मुख्याध्यापकांपुढे माझा आवाज बसतो, रस्त्यात भांडण दिसले की मी गल्ली बदलतो, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्याविषयी लोकांची जी एक रंगीत कल्पना असते तीत मी कुठेच बसत नाही. मॅट्रिक झालो, चित्रकलेच्या मास्तरकीची पदविका घेतली, आणि तेव्हापासून मुलांना कोयरी नि कमळ काढायला शिकवतो आहे. पण २००६ साली आई गेली, तेव्हा तेराव्या दिवशी पहाटे, घरात कुणी उठायच्या आत, मी तिची कवड्यांची माळ आणि परडी घेऊन नदीवर गेलो आणि डोहात सोडून आलो. हेच ते धीट कृत्य.

आई तुळजापूरच्या देवीची आराधी होती. मंगळवारी आणि शुक्रवारी गळ्यात माळ घालून, हातात परडी घेऊन ती पाच घरी जोगवा मागे. मी शाळेत जाऊ लागलो तसा मला या गोष्टीचा संकोच वाटू लागला. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या दारात आई उभी दिसली, की मी लांबचा रस्ता धरी. शुक्रवारी रात्रीची भाकरी त्याच जोगव्याच्या पिठाची असे, आणि ती मी पोटभर खात असे, ही गोष्ट मात्र मला त्या वेळी अडचणीची वाटली नाही. पुढे पुस्तके वाचली, व्याख्याने ऐकली, देव नाही असे माझे मत झाले. ते आजही तसेच आहे. आई गेल्यावर माळ कुणीतरी गळ्यात घालायची असा घराण्याचा रिवाज. कुणाच्या म्हणजे माझ्या बायकोच्या किंवा बहिणीच्या. हा रिवाज आपल्यापाशी संपला पाहिजे, असे मी ठरवले आणि संपवला.

त्या दिवशी दुपारी धाकट्या बहिणीने मला विचारले, ''दादा, आईची माळ कुठं आहे?'' मी सांगितले. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढेच म्हणाली, ''मला विचारलंस?''

मी तिला पुष्कळ समजावले. ती गणिताची पदवीधर, पुढे गणिताची शिक्षिका झालेली. तिला देवीच्या अंगात येण्यावर विश्वास नव्हता, तो माझ्याइतकाच नव्हता. म्हणून तर मला तिचा राग समजेना. दोन वर्षांनी माझी पहिली कादंबरी आली. तीत नायक बापाचा देव्हारा नदीत सोडतो असे एक प्रकरण आहे. ते वाचकांना आवडले. अभिनंदनाची पत्रे आली. बहिणीला पाठवलेली प्रत काही दिवसांनी टपालाने परत आली. त्या प्रकरणापाशी दोरा ठेवलेला होता. त्याच्या पुढे ती गेली नव्हती.

अशा बहिणीने २०१८ साली मला मालदीवला बोलावले. पाच वर्षांपूर्वी ती तिथे शिकवायला गेली होती. आपल्याकडचे पुष्कळ शिक्षक त्या देशात नोकरीला आहेत. तिने तिकीट पाठवले आणि फोनवर सांगितले, ''दिवाळीच्या सुट्टीत ये. भाऊबीज इथं करू. येताना ज्वारीचं पीठ आण, इथं मिळत नाही.'' बारा वर्षांत तिने माझ्यापाशी काही मागितले, ते हे पहिलेच.

माले ही मालदीवची राजधानी. विमानतळ शेजारच्या बेटावर. तिथून मालेला पूर्वी होडीनेच जावे लागे. मी गेलो त्याच्या दोनअडीच महिने आधी पूल खुला झाला होता. मूळचे हे बेट इतके लहान, की सकाळी फिरायला निघालेला माणूस चहाच्या वेळेला त्याला वळसा घालून परत येईल. त्यात घरे, मोटारसायकली आणि माणसे इतकी दाटलेली, की समुद्र आहे हे गल्लीच्या टोकाला गेल्याखेरीज कळत नाही. या देशात डोंगर नाही, नदी नाही, समुद्रसपाटीहून दोनअडीच मीटरांपेक्षा उंच अशी नैसर्गिक जमीन सापडायची नाही. सगळा देश पोवळ्याचा. पोवळ्याचा किडा आपल्याभोवती चुनखडीचे घर बांधतो नि मरतो. त्या घरावर दुसरा आपले घर बांधतो. खाली मेलेले, वर जिवंत. खालची जमीन खचत जाते आणि वर पोवळे वाढत राहते, अशी उपपत्ती डार्विनने १८४२ साली मांडली होती. अशा गोलाकार बेटमाळेला भूगोलाच्या पुस्तकात 'ॲटॉल' म्हणतात. तो शब्द जगाला याच लोकांच्या भाषेने दिला.

त्यांची भाषा दिवेही. नावातच आपले 'द्वीप' आहे. ती उजवीकडून डावीकडे लिहितात म्हणून मला वाटले, ही अरबीची कुणीतरी असावी. बहीण हसली आणि तिने मला आठवड्याचे वार म्हणून दाखवले. आदित्त, होम, अंगार, बुध, बुरास्फति, हुकुरु, होनिहिरु. आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनी! 'स' आणि 'श' यांचा 'ह' झाला, एवढाच फरक. दिवसाला ते 'दुवस' म्हणतात. ही सिंहलीची सख्खी बहीण, म्हणजे आपल्या मराठीची चुलत बहीण.

''उद्या हुकुरु दुवस,'' बहीण म्हणाली. ''इथं शुक्रवारी सुट्टी असते. सकाळी तुला हुकुरु मिस्किय्य दाखवते.''

हुकुरु मिस्किय्य म्हणजे शुक्रवारची मशीद. 'मिस्किय्य' हे मशिदीचे रूप, आणि 'हुकुरु' हा आपला शुक्र. नावाचा एक पाय अरबस्तानात, दुसरा हिंदुस्थानात. मला त्या नावाची मौज वाटली. शुक्रवार म्हटले की मला आईची परडी आठवते, हे मात्र मी बहिणीला सांगितले नाही. तिलाही तेच आठवले असावे. कारण ती एकदम गप्प झाली.

त्या वर्षी भाऊबीज शुक्रवारीच आली होती, ९ नोव्हेंबरला. सकाळी आम्ही निघालो. मुसलमान नसलेल्याला मशीद पाहायची तर आधी परवानगी काढावी लागते. ती तिने शाळेतल्या एका सहकाऱ्याकरवी मिळवून ठेवली होती. रात्री पाऊस पडून गेला होता. आवारात पांढरी वाळू, आणि तीत थडग्यांचे दगड दाटीने उभे, काही कलंडलेले. बहिणीने दाखवले: टोकदार माथ्याचे दगड पुरुषांचे, गोल माथ्याचे बायकांचे. पलीकडे चुन्याने पांढरा केलेला बुटका, गोल मनोरा. इथले लोक त्याला 'मुन्नारु' म्हणतात. मशीद १६५८ सालची, मनोरा १६७५ सालचा. दोन्ही सुलतान इब्राहीम इस्कंदर याने बांधले. म्हणजे आपल्याकडे शिवाजीमहाराज जावळी घेऊन कोकणात उतरले होते, त्या सुमाराची ही इमारत.

पहिल्या दर्शनी ती डोळ्यांत भरत नाही. घुमट नाही, कमान नाही, उंची नाही. उतरत्या छपराचे एक लांबट घर. पण भिंतीजवळ गेलो आणि चित्रकलेचा मास्तर जागा झाला. भिंती पोवळ्याच्या दगडाच्या. हा दगड समुद्रातून काढतात तेव्हा ओला नि नरम असतो, करवतीने कापता येतो. उन्हात वाळला की कठीण होतो. चुना न लावता एका दगडाची जीभ दुसऱ्याच्या खोबणीत बसवून या भिंती उभ्या केल्या आहेत. आणि बोटभर जागा मोकळी न ठेवता त्यांवर नक्षी कोरली आहे. साखळीसारखी गुंफण, वेल, पाकळ्या. माणूस नाही, पशू नाही, पक्षी नाही. मी मुलांना जी किनार काढायला शिकवतो, ती इथे साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी पोवळ्यात काढून ठेवली होती. मी हात लावणार होतो. बहिणीने मनगट धरले.

दाराशी एक म्हातारा खराट्याने वाळू सारखी करत होता. बहिणीने त्याला परवानगीचा कागद दाखवला आणि मोडक्यातोडक्या दिवेहीत काही विचारले. त्याने मान हलवली. आत दोनचार वृद्ध कुराण वाचत बसले होते, म्हणून आम्ही उंबऱ्याबाहेरच थांबलो. आत लाकडाचे खांब, त्यांवर लाखकाम: काळ्यातांबड्या रंगावर पिवळी वेलबुट्टी आणि अरबी अक्षरे. तेराव्या शतकातली एक लांब कोरीव फळी इथे जपून ठेवली आहे. हे बेट ११५३ साली मुसलमान कसे झाले, याची हकीकत तिच्यावर आहे.

आणि मग माझे लक्ष जमिनीकडे गेले. खाली अंथरलेल्या गालिच्यावर रेघा होत्या. नमाजाच्या ओळी सरळ याव्यात म्हणून अशा रेघा असतात. पण त्या भिंतीला समांतर नव्हत्या, तिरप्या होत्या. खोली एका दिशेने आणि रेघा दुसऱ्याच. मास्तरच्या डोळ्याला ते खुपले. एखाद्या मुलाने चौकटीत अशी रेघ मारली असती तर मी वही परत केली असती.

''हे चुकलंय का?'' मी विचारले.

''चुकलेलं नाही,'' बहीण म्हणाली. ''ही मशीद जुन्या देवळाच्या जोत्यावर आहे, असं जाणकार सांगतात. ते देऊळ मावळतीकडे तोंड करून होतं. मक्का इथून नेमकी पश्चिमेला नाही, तीसेक अंश उत्तरेकडे आहे. म्हणून नमाज पढणारे भिंतीकडे तोंड करत नाहीत, कोपऱ्याकडे करतात. रेघा त्या दिशेच्या आहेत.''

मी खरे ते लिहितो. जुन्या देवळाच्या जोत्यावर मशीद, हे शब्द कानांवर पडताच माझ्या मनात एक हिशेब उभा राहिला. कोणता हिशेब, हे हिंदुस्थानातल्या वाचकाला सांगायला नको. देव न मानणाऱ्याच्या मनातही तो हिशेब कसा तयारच असतो, याचे मला तिथे उभ्या उभ्या आश्चर्य वाटले. मी माझ्या आईचा देव नदीत बुडवून आलो होतो. मग एका परक्या बेटावरचे, नऊशे वर्षांपूर्वीचे देऊळ माझे कोण लागत होते?

आणि ते देऊळ माझ्या हिशेबातले नव्हतेच. मुसलमान होण्यापूर्वी हे लोक बौद्ध होते. तो हिशेब मांडायचाच तर लेण्याद्रीपासून मांडावा लागेल. आम्ही मुलांची सहल शिवनेरी आणि लेण्याद्रीला नेतो. तीनएकशे पायऱ्या चढून गेले की गिरिजात्मज गणपती. एकही खांब नसलेले भव्य दालन, आणि तीन बाजूंना लहान लहान खोल्या. ते बौद्धांचे विहार. त्या खोल्यांत भिक्षू राहत. मधल्या जागेत आता गणपती आहे. कार्ल्याला चैत्याच्या दाराशीच एकवीरेचे देऊळ आहे. एका सहलीत एका मुलाने मला विचारले होते, ''सर, या खोल्यांत कोण राहायचं?'' खाली गाडी थांबली होती, घाई होती. ''पांडवांनी एका रात्रीत कोरल्या,'' असे सांगून मी मोकळा झालो. देव नाही म्हणणारा मी, पण पांडव मला चालले. त्या मुलाला मी भिक्षूंचे नाव सांगितले असते तर गणपतीचे काय कमी होणार होते?

म्हाताऱ्याशी बोलावेसे वाटले. बहिणीला म्हटले, ''त्यांना विचार, भिंत एकीकडे नि तोंड दुसरीकडे, याचं काही वाटत नाही का?'' तिने विचारले. म्हातारा खराट्यावर रेलला, त्याने जरा विचार केला आणि तो जे म्हणाला ते तिने मला सांगितले: ''लहानपणापासून असाच उभा राहतो. भिंत तिकडे बघते, आम्ही इकडे बघतो. भांडण कुठं आहे?''

भांडण कुठे आहे! घरी येताना तो प्रश्न माझ्याबरोबर आला.

भांडण मुळीच नव्हते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दर्यातल्या राक्षसाला दर महिन्याला एक कुमारिका द्यावी लागे, एका परदेशी साधूने तिच्या जागी बसून रात्रभर कुराण म्हटले आणि राक्षस पळाला, मग राजाने धर्म बदलला, अशी गोड हकीकत इब्न बतूताने ऐकून लिहून ठेवली आहे. तो साधू मोरोक्कोचा की इराणातल्या तब्रीझचा, यावर अजून वाद आहे. त्याचे थडगे मशिदीसमोरच दाखवतात. पण बाराव्या शतकाच्या अखेरचे तिथले ताम्रपट त्या गोड हकीकतीहून कडू आहेत. मशिदींना दिलेल्या देणग्यांबरोबर जुनी पूजास्थाने मोडल्याची नोंद त्यांत आहे. आणि मोडण्याचे काम बाराव्या शतकात संपले असेही नाही. ७ फेब्रुवारी २०१२ रोजी मालेत राजकीय दंगल उसळली. त्या गर्दीतले काही लोक राष्ट्रीय संग्रहालयात शिरले आणि बौद्ध काळातल्या पोवळ्याच्या नि चुनखडीच्या मूर्ती त्यांनी फोडल्या; तीसएक वस्तू होत्या, बहुतेक साऱ्या गेल्या. त्या मूर्तींची पूजा करणारा एकही मनुष्य त्या देशात आठ शतके उरलेला नव्हता. त्या कुणाला वाट चुकवत नव्हत्या. तरी त्या फोडणाऱ्यांना आपण काहीतरी धीट कृत्य करत आहोत असेच वाटले असेल. ही गोष्ट मला बहिणीने वाटेत सांगितली आणि 'धीट' या शब्दाशी मी अडखळलो.

विचार बदलणे हा मनुष्याचा मोठा हक्क आहे. तो नाकारणारा समाज कुजतो. दिशा चुकली असे वाटले तर वळलेच पाहिजे, आणि वळताना कुणाची भीड धरता कामा नये. प्रश्न वळण्याचा नाही. प्रश्न असा आहे, की वळल्यावर पायाखालच्या जोत्याचे काय करायचे?

एक उत्तर मोडण्याचे. ते नेहमीच चूक असते असे मी म्हणणार नाही. १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली गेली, ती जाळण्याजोगीच होती. १९५६ नंतर नागपूरहून परतलेल्या कितीतरी कुटुंबांनी घरातले जुने देव बाहेर काढले. त्यांना 'जुने जपा' असा उपदेश करण्याचा अधिकार मला काय, कुणालाच नाही. त्या देवांच्या नावाने ज्यांना पाणवठ्यावरून हाकलले, त्यांच्या मानेवरचे ते जू होते. ज्याच्या मानेवर जू असते त्याने ते मोडावे. इतरांनी बाजूला व्हावे.

पण माझ्या मानेवर माळ नव्हती. ती आईच्या गळ्यात होती. तिला तिचे ओझे होते का? देवीच्या नावाने मुली सोडण्याच्या दुष्ट चालीविषयी मी व्याख्याने ऐकली होती आणि माझा सारा राग मी आईच्या माळेवर काढला. ती चाल आमच्या घरी कधी नव्हती. आई शुक्रवारी पाच दारांत उभी राही. पाच बायका तिच्या परडीत मूठ मूठ पीठ घालत आणि तिच्याजवळ आपले गाऱ्हाणे सांगत. घरी आल्यावर ती गुणगुणत भाकऱ्या थापी. एरवी तिला मी गुणगुणताना ऐकले नाही. त्या माळेत तिला काय मिळत होते, हे मी तिला एकदाही विचारले नाही. मला माळेची लाज वाटत होती, आणि मी ती नदीत सोडली ती अंधश्रद्धेच्या द्वेषाने नव्हे, त्या लाजेने. कादंबरीतल्या नायकाला मी अधिक उदात्त कारण दिले, एवढेच.

दुसरे उत्तर झाकण्याचे. जोते आहे तसे ठेवायचे आणि ते आपलेच होते असे म्हणायचे. लेण्याद्रीला मी तेच केले. मोडणारा निदान कबूल तरी करतो, की इथे दुसरे काही होते. झाकणारा तेही करत नाही.

हुकुरु मिस्किय्यमध्ये मला तिसरे उत्तर दिसले. ते औदार्यातून आले असे मी म्हणत नाही. जोते भक्कम होते, पोवळ्याचा दगड काढणे कष्टाचे होते, म्हणून बांधणाऱ्यांनी आहे त्यावरच काम भागवले असेल. पण सोयीतूनही कधी शहाणपण निपजते. त्यांनी जोते ठेवले आणि आपली दिशाही सोडली नाही. भिंतीसाठी मक्का फिरवली नाही, मक्केसाठी भिंत पाडली नाही. मग दोहोंमधला जो कोन उरला, तो उघड ठेवला. चौकोनी खोलीत तिरप्या ओळी दिसायला चांगल्या दिसत नाहीत. कोपऱ्यांत जागा वाया जाते. ती गैरसोय ते लोक शतकानुशतके सोसत आले. कुणी आत डोकावले की त्याला विचारावेच लागते, रेघा तिरप्या का? आणि मग जे नाहीसे झाले त्याचे नाव घ्यावे लागते. ज्या देशात आज दुसऱ्या धर्माला उघड पूजेची जागा नाही, २००८ सालच्या राज्यघटनेप्रमाणे मुसलमानाखेरीज कुणाला नागरिकही होता येत नाही, त्या देशाच्या सर्वांत थोर जुन्या मशिदीत ही साक्ष रोज पाच वेळा उभी राहते. माणसांनी जे पुसले, ते रेघांनी राखले.

मला वाटते, प्रामाणिक माणसाचे मनही असेच असावे. त्याचा विश्वास एका दिशेला असेल, पण ज्या घरात तो वाढला त्याच्या भिंती दुसरीकडे असतील. त्या भिंती पाडून घराला आपल्या मताच्या दिशेने फिरवण्याची त्याने घाई करू नये. आणि भिंतींना वाईट वाटू नये म्हणून आपले तोंडही फिरवू नये. मधला कोन सोसावा. तो थोडा अवघड जातो. पण तो कोन म्हणजेच आपला इतिहास.

संध्याकाळी बहिणीने स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक पणती लावली आणि मला ओवाळले. मग तिने माझ्याबरोबर आलेले ज्वारीचे पीठ परातीत घेतले. मी पाहत होतो. पाणी घालण्यापूर्वी तिने चिमूट चिमूट असे पाच वेळा पीठ उचलले आणि वाटीत बाजूला ठेवले. आई अगदी असेच करी. मिळालेल्या जोगव्यातले थोडे पुन्हा देवीचे म्हणून.

''तू मानतेस हे?'' मी विचारले.

''छे,'' ती भाकरी थापता थापता म्हणाली. ''पण हात तसाच जातो.''

थोड्या वेळाने तिने फळीवरची एक बशी खाली काढली. बशीत समुद्रावर वेचलेल्या पिवळसर कवड्या होत्या. कवडीला इथे 'बोलि' म्हणतात. याच बेटांवरून शतकानुशतके जहाजे भरभरून कवड्या हिंदुस्थानात येत. बंगालचे व्यापारी त्यांच्या बदल्यात तांदूळ देत, असे चौदाव्या शतकात इथे काझी होऊन राहिलेल्या इब्न बतूताने लिहिले आहे. बंगालमध्ये त्या नाणे म्हणून चालल्या. आपल्याकडे 'फुटकी कवडी' झाल्या, सोंगट्यांच्या खेळात पडल्या, आणि तुळजापूरच्या भवानीच्या भक्तांच्या गळ्यात माळ होऊन बसल्या. मुसलमान कोळ्यांनी समुद्रातून काढलेली कवडी देवीच्या माळेत ओवताना कुणी तिला तिचा धर्म विचारला नाही.

''पहिल्या वर्षी किनाऱ्यावर ही सापडली,'' बहीण म्हणाली, ''तेव्हा मी तिथंच वाळूत बसून रडले होते. मला वाटलं, माळ नदीतून वाहत वाहत इथं आली.''

मी म्हणालो, ''तुला विचारायला हवं होतं.''

ती म्हणाली, ''भाकरी गरम आहे तोवर खा.''

आमच्या भांडणाचा निकाल एवढ्यावरच लागला. माळ काही परत येणार नव्हती. ते शुक्रवारच्या पिठाचे जेवण मी नास्तिक राहूनच जेवलो. पण त्या रात्री घास घेताना मला आईची लाज वाटली नाही.

पुढच्या जूनमध्ये, २०१९ साली, त्या मशिदीच्या जतनाला हिंदुस्थान सरकार मदत करणार आणि आपले पुरातत्त्व खाते त्यात हातभार लावणार, असे जाहीर झाले. वर्तमानपत्रातली ती बातमी मी कापून ठेवली आहे. छपराचे, भिंतींचे, लाखकामाचे जे करायचे ते जाणकार करतील. मला मनातून एवढेच वाटले, की कुणी त्या रेघा सरळ करू नयेत.

त्यापूर्वी जानेवारीत आमची सहल पुन्हा लेण्याद्रीला गेली होती. या खेपेला कुणी विचारायची मी वाट पाहिली नाही. मुलांना दालनात बसवले आणि आधी खोल्यांत राहणाऱ्या भिक्षूंची गोष्ट सांगितली, मग गणपतीची. गोष्ट संपल्यावर एका मुलाने हात वर केला. ''सर, मग नमस्कार कुणाला करायचा?''

मला चटकन उत्तर सुचले नाही. मी म्हणालो, ''तुला वाटेल त्याला कर. पण खोली कुणाची होती ते विसरू नको.''

मुलगा गणपतीपुढे गेला, त्याने डोळे मिटून हात जोडले. परत येताना तो एका रिकाम्या खोलीच्या दाराशी थांबला, आत डोकावला, आणि चपला हातात धरून उगीच थोडा वेळ उभा राहिला.